दिफुंताचं पाणी

फोन आला तेव्हा एलेओदोरो कांदा चिरत होता. पलीकडून भावजय एदुविना म्हणाली, "डॉक्टरांनी हात टेकलेत, भावोजी. हे सारखं तुमचं नाव घेतायत. यायचं तर आजच या."

कोपियापोहून कालामा म्हणजे दिवसभराचा रस्ता. वाटेत बंद पडलेल्या खाणी, मुरमाचे ढीग आणि वाळवंट, दुसरं काही नाही. निबाल्दो त्याचा सख्खा थोरला भाऊ. दोघं एकाच तांब्याच्या खाणीत कामाला लागलेले. पण संप झाला तेव्हा निबाल्दो फाटकावर ठाण मांडून बसला आणि एलेओदोरो मागच्या दाराने कामावर गेला. पोरं उपाशी होती म्हणून गेला हे खरंच. पण पोरं निबाल्दोचीही उपाशीच होती की! तेव्हापासून दोघांत अबोला. आता माफी मागायची ती आजच.

"काय बोलणार आहेस त्याला?" गाडीत बायकोने, सुनिल्दाने विचारलं.

"बघू."

"बघू काय? इतकी वर्षं बघतोच आहेस."

तालतालच्या फाट्यापुढे दिफुंता कोरेआचं ठाणं लागलं. नवऱ्याच्या शोधात निघालेली ही बाई वाळवंटात तहानेनं मेली, पण छातीशी धरलेलं लेकरू दूध पीत राहिलं आणि वाचलं. म्हणून येणारे-जाणारे तिच्यापुढे पाणी ठेवतात. बाटल्यांचा नुसता खच पडलेला असतो. एलेओदोरोने पुढे जन्मभर खनिजाचा ट्रक हाकला, पण भोंगा वाजवून बाटली ठेवल्याशिवाय तो इथून कधी पुढे गेला नव्हता. आज त्याने मागचा पाण्याचा अख्खा कॅन उतरवला.

"एक बाटली ठेव की. सगळंच कशाला?"

"आज मागणंही मोठं आहे."

मागणं मागून झालं, गाडी सुरू झाली आणि वळणापर्यंतही गेली नाही तोच बॉनेटमधून वाफ उसळली. रेडिएटरचा पाइप फाटला होता. त्याने पट्टी गुंडाळून पाइप बांधला खरा, पण आत घालायला गाडीत थेंबभर पाणी नव्हतं.

"आण जा तो कॅन," सुनिल्दा म्हणाली.

"तिच्या पुढ्यातला?"

"तूच ठेवलास ना आत्ता?"

"ठेवला तो तिचा झाला."

"म्हाताऱ्या, तुझा भाऊ मरतोय तिकडे."

"म्हणूनच. आजच्या दिवशी तिला दुखवू?"

"मग मी आणते. लागलं पाप तर मला लागू दे."

त्याने तिचं मनगट धरलं, ते सोडलं नाही. शेवटी ती चिडून गाडीत जाऊन बसली. सणाची सुट्टी, रस्त्यावर चिटपाखरू नाही. तो गाडीच्या सावलीत टेकला. आता खरं सांगायचं तर तिथे बसल्यावर त्याला बरं वाटलं. गाडी उभी होती तोवर निबाल्दोच्या डोळ्यांत बघायचं नव्हतं. हे त्याचं त्याला कळलं, आणि तरी हा शहाणा उठला नाही.

ऊन कलल्यावर एक ट्रकवाला थांबला. त्याने पाणी दिलं.

इस्पितळात पोचले तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. एदुविना बाकावर बसली होती, निबाल्दोच्या कपड्यांची पिशवी मांडीवर घेऊन. काही विचारायची गरजच उरली नाही.

"दुपारपर्यंत शुद्धीत होते," ती म्हणाली. "दाढी करून घेतली. दार दिसेल असं बसवा म्हणाले. मग म्हणाले, नाही येणार तो. पहिल्यापासून भित्राच."

"गाडी तापली, वहिनी. पाणी नव्हतं."

"कुठे?"

"तालतालच्या पुढे. दिफुंतापाशी."

एदुविना त्याच्याकडे बघतच राहिली. "दिफुंतापाशी पाणी नव्हतं? अहो, माझ्या माहेरी जाताना आमचा खटारा तिथेच तापायचा. हे खुशाल तिथलं पाणी घ्यायचे, आणि परतताना दुप्पट ठेवायचे. म्हणायचे, तहानेनं मेलेली बाई ती, ती कुणाला कोरडं ठेवील होय?"

सुनिल्दा एदुविनाशेजारी बाकावर जाऊन बसली. तिने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं, असं एलेओदोरोला झालं. तो एकटाच खोलीत गेला. निबाल्दोची दाढी अगदी गुळगुळीत होती.

"भ्यालो होतो रे दादा," तो म्हणाला. "तेव्हाही आणि आजही." संपाच्या वेळी फाटकावर एवढं बोलला असता तरी निबाल्दोने त्याला शिव्या घालून जवळ बसवून घेतलं असतं.