तिसरी तार

बारक्याने चाळिशी कधीच ओलांडली होती, डोक्यावर केस म्हणावेत असं काही उरलं नव्हतं, तरी थोरल्या भावाने ठेवलेलं नाव काही त्याला सुटलं नाही. रेडिओ, माइक, अ‍ॅम्प असलं सगळं दुरुस्त करायचं त्याचं दुकान होतं आणि गिऱ्हाइकंसुद्धा त्याला बारक्याच म्हणायची. ज्याने नाव ठेवलं तोच तेवढा आता हाक मारत नव्हता. दादाच्या मेंदूत रक्ताची गुठळी झाली, उजवं अंग गेलं आणि त्याच्याबरोबर वाचाही गेली. दिवसभर खिडकीशी खुर्चीत बसायचा. भरवलं की खायचा, निजवलं की निजायचा. समोर बायको आली काय आणि कपाट आलं काय, नजर तीच.

"सोमवारी गाडी येणार आहे," वहिनी म्हणाल्या. "शुश्रूषा केंद्राची. मी होकार देऊन टाकलाय."

"अहो वहिनी, असं कसं? दादाला असं परक्यांच्या हवाली—"

"मग तू ये उचलायला! माझी कंबर गेली रे. आणि कंबरेचंही एक वेळ जाऊ दे." पदराने त्यांनी नाक पुसलं. "मी कोण आहे ते ह्यांना कळतंय, एवढं एकदा दिसू दे मला. एक शब्द. अरे, शिवी दिली तरी चालेल! नाहीतर मी झिजतेय कुणासाठी, ह्या भिंतीसाठी?"

वहिनी लग्न होऊन घरात आल्या तेव्हा बारक्या शाळेत होता, त्याची दप्तरं त्यांनीच शिवली. त्या बाईला आणखी झिजा म्हणायचं कोणत्या तोंडाने? तो मान खाली घालून निघाला, तेवढ्यात त्याची नजर जिन्याखाली गेली. तिथे दादाचा अ‍ॅम्प पडला होता. व्हॉल्व्हचा, जुना, मरणाचा जड. क्लबांत, हॉटेलांत, लोकांच्या लग्नांत, उभ्या आयुष्यात दादाची गिटार वाजली ती ह्याच खोक्यातून; निदान हा आवाज तरी तो ओळखेल. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात; इथे काडी दोन माणसांना उचलेना, पण बारक्याने ती एकट्याने रिक्षात घातली.

दुकानात त्याने मागची फळी काढली. आत धूळ, कोळ्यांची जाळी आणि एक मेलेलं झुरळ. हे जुने अ‍ॅम्प मोठे दगाबाज असतात, वायर काढून ठेवली तरी कंडेन्सरमध्ये करंट दबा धरून बसतो, म्हणून आधी त्याने तो उतरवला. फुगलेले कंडेन्सर काढून नवे बसवले. दोन पिनची कुजकी वायर फेकून तीन पिनची लावली. मग वायरच्या वाटेत एक बल्ब जोडून बटण दाबलं. बल्ब भगभगीत पेटून राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे आणि सगळंच मुसळ केरात. बल्ब पेटला आणि हळूहळू मंदावला. मागे काचेचे व्हॉल्व्ह एकेक करून लालसर झाले. बारक्याला हुंदकाच आला. "पेटला रे बाबा," तो मोठ्याने म्हणाला, दुकानात ऐकायला कुणी नव्हतं तरी.

राहिला स्पीकर. त्यातला थरथरून आवाज काढणारा कागद कडेपासून फाटलेला, आणि दादाने ती फट वहिनींच्या नेलपॉलिशने कशीबशी चिकटवलेली. श्शी! असलं फाटकं दादासमोर ठेवायचं? बारक्याने नवा कोरा स्पीकर बसवला, जुना भंगारवाल्याला देऊन टाकला. अ‍ॅम्पबरोबर आणलेल्या दादाच्या गिटारला नव्या तारा चढवल्या, मोबाइलवर बघून तंतोतंत सुरात लावल्या. सगळं कसं चोख झालं. आणि इथेच त्याने माती खाल्ली! असली चूक मेकॅनिकच करू जाणे. फाटकं दिसलं की त्याचे हात शिवशिवणारच.

रविवारी त्याने अ‍ॅम्प दादाच्या पुढ्यात ठेवला आणि वाजवला. त्याला एकच तुकडा यायचा, दादानेच शिकवलेला, लहानपणी कान पिळून. तो त्याने चुकत-माकत पुरा केला. दादा खिडकीबाहेर बघत राहिला. पुन्हा वाजवला, आवाज वाढवून. दादाची पापणीही हलली नाही.

"किती स्वच्छ वाजतोय रे," वहिनी म्हणाल्या आणि एकदम रडायलाच लागल्या. "हा ह्यांचा आवाज नव्हे. ह्यांचा खरखरायचा. सर्दी झालेल्या माणसासारखा. कुठे गेला तो?"

बारक्या तसाच चपला न घालता भंगारवाल्याकडे धावला. भंगारवाल्याने ढिगाकडे बोट दाखवलं. लोहचुंबक काढून वेगळं टाकलेलं, पत्र्याची चौकट चेपलेली, आणि कागद? कागदाचं काय करायचं असतं, गेला केरात. बारक्या तिथेच ढिगापाशी मटकन बसला. भाऊ परत आणायला निघालास ना शहाण्या, मग जेवढा शिल्लक होता तेवढाही विकून खाल्लास! त्याने स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. भंगारवाला घाबरून पाणी आणायला आत गेला.

परत आला तो वाटेत विकत घेतलेलं ब्लेड हातात धरूनच.

"अरे, हे काय?" वहिनी दचकल्या.

"फट कुठे होती, आठवतं तुम्हाला?"

वहिनींना आठवत होतं. मागून हात घालून त्यांनी नव्या कागदावर बोट फिरवलं. "इथून सुरू व्हायची. अशी खाली. माझी गुलाबी बाटली संपवली होती मेल्यांनी."

जन्मभर सांधायचं काम केलेला हात कापायला धजेना. बारक्याने डोळे मिटले, देवा माफ कर म्हणाला आणि ब्लेड ओढलं. टर्र. वहिनींनी कुठल्याशा डब्यातून नेलपॉलिशची घट्ट झालेली बाटली शोधून आणली, तिचा एक थर फटीवर फासला.

आता अ‍ॅम्प घोगरा झाला होता. बारक्याने तुकडा वाजवला. काही नाही. पुन्हा वाजवला. बोटं हुळहुळली, शर्ट पाठीला चिकटला, सूर कुठे जातोय याचं भान राहिलं नाही. "दादा, बघ ना रे! बघ ना एकदा इकडे! तुझाच आहे हा! मी आहे, बारक्या!" तो ओरडत होता की रडत होता, त्याचं त्याला ठाऊक. "बस झालं रे, बस," म्हणत वहिनींनी त्याचा दंड धरला.

दादाचा डावा ओठ हलला.

"ति..."

वहिनींनी दंड सोडला, बारक्याने तारांवर पंजा ठेवला.

"तिस... री."

"तिसरी?" वहिनींनी तोंडावर हात ठेवला. रडता रडता त्यांना हसूच फुटलं. "तिसरी कोण हो? मला तर दुसरीही माहीत नाही!"

पण बारक्याला कळलं. अख्खं लहानपण त्याने हेच ऐकलं होतं: बारक्या, तिसरी उतरली, कान कुठे आहेत तुझे? नव्या तारा ताणून सैल पडतात, तशी तिसरी तार उतरली होती आणि इतक्या आटापिट्यात ह्या गाढवाला ते ऐकूच आलं नव्हतं. त्याने खुंटी पिळली. दादा खुंटीकडे बघत होता, कपाटाकडे बघावं तसं नव्हे. तार सुरात आली तशी त्याने मान वळवली आणि तो पुन्हा खिडकीबाहेर बघू लागला.

वहिनींनी तिथल्या तिथे केंद्राला फोन लावला. "उद्या गाडी पाठवू नका. ह्यांनी सूर पकडला."

त्यानंतर बारक्या रोज दुकान बंद करून गिटार खांद्याला लावून येतो. दादा कशाने बोलला, फाटक्या आवाजाने की उतरलेल्या तारेने? कोण सांगणार! म्हणून फट तो बुजवत नाही, आणि दाराबाहेर चपला काढता काढता तिसरी तार गुपचूप सैल करून मगच आत येतो. वहिनींना फसवतोय म्हणून मेल्याहून मेल्यासारखं होतं त्याला. दादा कधी बोलतो, कधी नुसता ओठ हलवतो, कधी तेही नाही. दुसरा शब्द काही आलेला नाही. केंद्रातून अधूनमधून फोन येतो, वहिनी "अजून बघू" म्हणतात आणि कंबर धरून उठतात.

परवा दुकानात गर्दी होती, बारक्या घाईत आला आणि तसाच वाजवायला बसला. तुकडा सुरात संपला. दादा खिडकीबाहेर बघत राहिला.

वहिनी दादाची उशी सारखी करत होत्या. मागे वळून न बघताच हळूच म्हणाल्या, "बारक्या, आज तिसरी उतरवायची राहिली रे."