ज्वालाबाबाने माती खाल्ली

कचरा डेपोवर ही झुंबड! एरवी नाकाला रुमाल लावून पळणारी माणसं आज रांग लावून छाती भरभरून वास घेत होती. कारण ढिगाच्या एका कोपऱ्यात ना तेल, ना वात, आणि ज्योत मात्र ढणाढणा जळत होती.

"हा धरतीचा श्वास आहे, मायबाप!" ज्वालाबाबा शाल फडकवत ओरडला. "खोल ओढा! मूळव्याध, मधुमेह, शेजाऱ्यांची कटकट, सगळं जाईल!"

सगळ्यांत पुढे डेपोच्या बुलडोझरवालीच्या सासूबाई बसलेल्या. त्यांना दमा. आठ दिवसांपूर्वी त्यांनी आपला पंप बाबाच्या पायाशी वाहिला होता आणि आता छातीतून शिट्ट्या वाजत होत्या.

बुलडोझरवाली मशीन थांबवून खाली उतरली. ज्योतीचा तो कोपरा तिच्याच कामाचा होता. रोज संध्याकाळी कचऱ्यावर मातीचा थर द्यायचा, हा डेपोचा नियम. पण तिथे मशीन वळवायचं म्हणजे नसता ताप, म्हणून "उद्या बघू" करत तिने तो महिनोन् महिने उघडाच ठेवला होता. बोलावं तर मुकादम फाडून खाईल. न बोलावं तर सासूबाई हातच्या जातील.

"आई, घरी चला ना."

"तू गप गं! मला चांगलं... बरं वाटतंय," सासूबाई खोकत खोकत म्हणाल्या.

झालं! तिचं डोकंच सटकलं. तिने सगळ्यांना लांब पिटाळलं, लांबलचक सळईला पेटती चिंधी बांधली आणि ज्योतीशेजारच्या भेगेवर धरली. भप्प! दुसरी ज्योत.

"ओम् बुलडोझराय नमः!" ती कडाडली. "झाले मी ज्वालाबाई! पडा पाया!"

एका आजोबांनी खरंच साष्टांग घातला.

"अहो उठा, आजोबा, थट्टा केली! खाली कचरा कुजतो, त्याचा मिथेन वायू होतो आणि भेगेतून वर येतो. बाबाने त्याला लायटर लावला, बस्स. आणि वायूला वाट मिळाली माझ्यामुळे. मी कामचुकारपणा केला, माती टाकलीच नाही."

"खोटं! शपथ घेतो!" बाबाने दोन्ही हात वर केले आणि शालीतून लायटर टपकन खाली पडला.

गर्दीतून पुढे आलेल्या मुकादमाने कपाळावर हात मारला. "बये, हे चार लोकांत सांगायचं? उद्यापासून तुझा कोपरा मी स्वतः तपासणार!"

तिने मशीन वळवलं आणि माती लोटली. दोन्ही ज्योती गुडुप.

"आज मातीने वायू नुसता दाबला," ती खाली उतरून म्हणाली. "पुढे मातीतले बारीक जीवाणू त्यातला बराचसा खाऊन टाकतील."

"आणि बाबा?" कुणीतरी विचारलं.

"त्याने माती खाल्लीच की!"

हशा पिकला. बाबा एकच चप्पल घालून ढिगाऱ्यावरून पळत सुटला होता. सासूबाईंनी मुकाट्याने पंप उचलून तोंडाला लावला. शिट्ट्या थांबल्यावर त्या सुनेवर उखडल्या, "इतके दिवस मला का नाही सांगितलंस?"

"घाबरले, आई. चुकलं माझं." मग ती गर्दीकडे वळली. "आणि तुम्ही! पुढच्या वेळी ज्योत दिसली की हात जोडायच्या आधी खाली काय कुजतंय ते विचारा."