एका कलमाची परिषद

येलहंकाच्या सभागृहात देशाची घटना बदलायला परिषद भरली होती, तीही एकाच कलमापुरती. निपाणीची दुभाषी महानंदा काचेआडून अध्यक्षांचं हिंदी मराठीत सांगत होती. वक्त्याचा 'मी' दुभाष्याने आपल्याच तोंडी घ्यायचा, हा धंद्याचा रिवाज.

पहिल्याच ठरावाने दोन-तृतीयांश बहुमताची अट उडवली; साधं बहुमत पुरे झालं. म्हातारे प्रतिनिधी दयानंद उसळले, "आपल्याला एकाच कलमासाठी बोलावलंय!"

अध्यक्ष हसले. "तेही बंधन आता साध्या बहुमताने उठतं. करा हात वर."

हात वर गेले.

"झालं!" अध्यक्ष म्हणाले. "अख्खी घटना आमच्या हातात. आता आम्हाला कोण अडवणार?"

महानंदाचं बोट माइक बंद करायच्या बटणाकडे गेलं. पण मेला रिवाज!

"आता आम्हाला कोण अडवणार?" ती खणखणीत मराठीत म्हणाली.

कानाला यंत्रं लावलेल्या मराठी प्रतिनिधींनी तिच्या आवाजाला टाळ्या वाजवल्या.