मोडलेली नाणी

घड्याळजीला सोन्याच्या जुन्या नाण्यांचा नाद होता, आणि त्याच्या बायकोच्या मते ती नाणी म्हणजे तिची सवत होती. पोटाला चिमटा घेऊन त्याने एकेक नाणं जमवलं. संध्याकाळी दुकान बंद केलं, की डोळ्याला भिंग लावून तो डबी उघडायचा.

"हे बघ, या राजाचं नाकच झिजून गेलंय. किती हातांतून फिरलं असेल! आणि हा खड्डा पाहिलास? कुणीतरी खरंखोटं करायला चावलंय."

ती भाजी निवडता निवडता हं हं करायची. तिचे हात मात्र इतकी वर्षं सोन्यावाचून बोडकेच राहिले होते.

त्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. तो दवाखान्यात असतानाच ती डबी घेऊन सोनाराकडे गेली.

"वहिनी, दादांना विचारलंत का?" सोनार घुटमळला. "एकदा मोडली की गेली हो ही."

"सोनं कुठे पळून जातंय? वजन तेवढंच राहणार ना? मग झालं तर!"

मुशीत राजे-राण्या वितळेपर्यंत ती समोर बसून होती. वाईट वाटलं नाही. उलट आयुष्यात एकदा तरी मनासारखं केलं, असं वाटलं.

घरी आल्या आल्या त्याने डबी मागितली. तिने हात पुढे केले.

"सगळं या बांगड्यांत आहे. गुंजभरही कमी नाही."

तो आकाशपाताळ एक करेल म्हणून ती कंबर कसून उभी होती. त्याने बांगड्या एकदा बोटांनी चाचपल्या.

"शोभतायत तुला," म्हणाला, आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडला.

पुढे तो भांडला नाही, रुसला नाही. विचारलं तेवढं बोलायचा. संध्याकाळी मात्र चिडीचूप. ज्या बडबडीला ती विटली होती, तिच्यावाचून घर खायला उठलं.

शेवटी एक बांगडी मोडून तिने टांकसाळीतून नुकतंच निघालेलं सोन्याचं नाणं आणलं. त्याने ते उजेडात धरलं. कडा कोऱ्या, चेहरा लखलखीत.

"अहो, सांगा ना याच्याबद्दल काहीतरी."

"काय सांगू? याच्या बाबतीत अजून काही घडलेलंच नाही गं." त्याने ते हळूच तिच्या हातावर ठेवलं. "तूच ठेव. अडीअडचणीला होईल."

दिवा न लावताच तो आत गेला. अंधारात ती नाण्याच्या कोऱ्या कडेवरून बोट फिरवत राहिली.