देमिसेची बिनआवाजाची गाडी

"इंजिन काढलंस ना, आता त्या भोकात कोंबड्या पाळ," झेनेबेच कुंपणापलीकडून म्हणाली. "निदान अंडी तरी मिळतील."

देमिसेने मान वर केली नाही. जुन्या बीटल गाडीच्या मागच्या पोकळीत त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत गेले होते. गोदामात खोकी उचलणाऱ्या भंगार गाडीची विजेची मोटर त्याने मर्कातोच्या बाजारातून आणली होती. ती गिअरबॉक्सला जोडायची जाड चकती बिरू लेथवाल्याने कातून दिली होती, पण भोकं जुळत नव्हती.

"इथे सगळ्याला वंगण लागतं," तो म्हणाला. "तुझ्या जिभेला तेवढं लागत नाही."

ओट्यावर बसलेली त्याची बायको आस्कालेच हसली आणि छातीवर हात ठेवून मध्येच थांबली. हल्ली तिच्या हसण्याला असा खो बसायचा. झेनेबेच तिची जिवाभावाची मैत्रीण. एकीने सकाळी कॉफी चढवली की दुसरी आपलं स्टूल काखेत मारून यायची आणि तिसरी फेरी झाल्याशिवाय उठायची नाही.

टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर देमिसे इदिर या आळीच्या मंडळाचा पुकाऱ्या झाला होता. आळीत कुणी गेलं की मांडव, जेवण, दफन सगळं इदिरची मंडळी बघत. दारोदार खबर देणं देमिसेकडे होतं. पहाटे पत्र्याचा कर्णा फुंकायचा, नाव सांगायचं, पुढचं घर गाठायचं. गुडघे गेल्यापासून तो हे गाडीतून करी. गाडी नेमकी आस्कालेचच्या खिडकीखाली खोकत, फटफटत सुरू व्हायची आणि ती ताडकन उठून बसायची. मग तिच्या हृदयाचं दुखणं निघालं. हिला दचका बसता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलं.

"काम सोडून दे," बिरूने सांगून पाहिलं.

"आणि पुकारणार कोण, तू? तू मेलेल्याच्या जागी जिवंत माणसाचं नाव घेशील."

पेट्रोलच्या रांगा हे इंजिन काढण्याचं लोकांना सांगायचं कारण होतं. खरं कारण ती खिडकी होती. ते त्याने बायकोलाही सांगितलं नाही.

चकती पुन्हा कातली. बॅटऱ्या मागच्या सीटखाली आणि पुढच्या डिकीत बसल्या. पहिल्याच फेरीला गाडी पुढच्या गिअरमध्ये मागे निघाली आणि झेनेबेचचं कुंपण घेऊन थांबली. मोटर उलटी फिरत होती.

"अरे, माझ्याकडे यायचं तर फाटकातून ये ना!" झेनेबेच पोट धरून हसत होती.

तारांची अदलाबदल केल्यावर गाडी सरळ चालली. चाकांखाली खडी चुरडेल तेवढाच आवाज. देमिसे आळीच्या टोकापर्यंत जाऊन आला. त्याला इतका आनंद झाला की तो बराच वेळ उतरलाच नाही.

पुढच्याच आठवड्यात, पहाटे तो चार्जिंगची वायर काढत असताना फोन आला. झेनेबेच आदल्या दिवशी शहराच्या दुसऱ्या टोकाला लेकीकडे राहायला गेली होती. लेक रडत होती. आई झोपेतच गेली, म्हणाली.

देमिसे गाडीला धरून उभा राहिला. आस्कालेच आत झोपली होती. झोपू दे, परतल्यावर आपण सावकाश सांगू, असं त्याने ठरवलं. गाडी अंगणातून चोरपावलांनी निघाली. लांबच्या घरांपुढे त्याने कर्णा फुंकला, जवळच्या घरांवर नुसती टकटक केली.

परतला तेव्हा आस्कालेच ओट्यावर कॉफी भाजत होती. तबकात तीन कप मांडलेले होते.

"झेनेबेच कॉफीला परत येते म्हणाली होती, अजून पत्ता नाही," ती म्हणाली. मग तिला त्याच्या हातातला कर्णा दिसला. "कोण गेलं?"

त्याची नजर तिसऱ्या कपावर गेली आणि तिचीही गेली.

भाजत ठेवलेल्या बिया करपू लागल्या. तिने भांडं खाली उतरवलं.

"तू गाडी काढलीस आणि मला कळलंसुद्धा नाही," ती हळूच म्हणाली. "इंजिन वाजलं की मी उठायचे. कुणीही गेलेलं असो, तू कोपऱ्यावर पोचायच्या आत मी त्याच्यासाठी प्रार्थना करायचे. दचकायचे नाही रे मी. तुझ्याबरोबर उठायचे."

"डॉक्टर म्हणाले होते..."

"डॉक्टरांचं राहू दे. सगळ्या दारांवर गेलास?"

"गेलो."

"मग माझं दार कुठे गेलं?"

देमिसेला फार लाज वाटली. इतक्या वर्षांत स्वतःच्या दारात खबर देण्याची वेळ त्याच्यावर आलीच नव्हती. तो ओट्यावरून उतरला, फाटकाबाहेर गेला आणि फाटक ओढून घेतलं. टोपी काढली. कर्णा तोंडाला लावून अगदी हलकेच फुंकला.

"घरच्या मंडळींनो, ऐका हो. आपल्या इदिरच्या झेनेबेच वोल्दे गेल्या. दफन आज दुपारी, मिकाएलच्या चर्चमध्ये. सगळ्यांनी या."

आत पावलं वाजली. आस्कालेचने फाटक उघडलं तेव्हा तिने पांढरी शाल दुखवट्याच्या रीतीने, काठ वर करून पांघरली होती.

"ऐकलं," ती म्हणाली. "आम्ही येतो."

यानंतर पुकारणाऱ्याने पुढच्या घराकडे निघायचं असतं. देमिसे तिथेच उभा राहिला.