रतनचं नाव काढा

हैबतरावांच्या धाकट्या मुलाची हळद होती. पिरंगुटला कारखाने आल्यापासून भरे गावात भोंग्याशिवाय लग्न करायचं नाही, असं जणू सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. आंब्याला दोन भोंगे बांधले होते आणि पौडचा अमजद स्पीकरवाला ओट्यावर टेप मांडून बसला होता.

आत माजघरात सारजाबाई दोघी-तिघींबरोबर जात्यावर हळद दळत होती. एरवी गावात कुणाचीही हळद असो, पहिली ओवी सारजाबाईची. त्या दिवशी मात्र तिला कुणी गा म्हटलं नव्हतं. भोंग्यापुढं गाऊन ऐकणार कोण?

अमजदनं नवी कॅसेट घातली. आधी यंत्रातून निघणारा टकटक ठेका आला, मग क्लॅरिनेट. क्लॅरिनेटचे पहिलेच सूर कानावर आले आणि सारजाबाईचा खुंट्यावरचा हात थांबला. त्यामागून एक बाई लाडिक आवाजात गायला लागली:

ताम्हिणीच्या वाटंला धुकं दाटलं गं,
रतन, तुझ्या चोळीचं टोक फाटलं गं!

मांडवातल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. कुणीतरी रुमाल दातांत धरून नाचायला लागलं.

सारजाबाईची लेक रत्ना ताम्हिणीला दिली होती. घरात सगळे तिला रतन म्हणत. तिचं दुसरं बाळंतपण ऐन आषाढात आलं, ते अडलं. घाटातला रस्ता खचलेला, गाडी मिळेना, म्हणून सासरच्यांनी तिला घोंगडीच्या झोळीत घालून पौडच्या दवाखान्याकडं आणायला घेतलं. निरोप मिळाल्यावर सारजाबाई सामोरी निघाली. धुक्यात तिला आधी माणसांचे पाय दिसले, मग झोळी. झोळी धरणारे चौघं वाट सोडून बाजूला उभे राहिले आणि त्यांनी माना खाली घातल्या, तेव्हा तिला कळलं. पाठीमागं राहिलेली थोरली पोर, सगुणा, तेव्हा जेमतेम दोन वर्षांची होती. ती सारजाबाईनं भऱ्याला आपल्या लेकाच्या घरी आणून वाढवली.

त्यानंतर घरी एकटी जात्यावर बसली की तिच्या तोंडून हीच ओवी यायची:

ताम्हिणीच्या वाटंला, बाई, धुकं गं दाटलं,
रतन माझी येईना, माझं काळीज फाटलं.

तीच ओवी आता भोंग्यातून येत होती आणि त्यात रतनची चोळी फाटली होती.

सारजाबाई उठली. हळदीनं माखलेले हात तसेच घेऊन बाहेर आली, ओट्यावर चढली आणि टेपची वायर ओढून तोडली. मांडव एकदम गप्प झाला.

"मावशी, अवं काय करताय?" अमजद गडबडून म्हणाला.

"कुनी बनवलं हे?"

"कॅसेट हाय. बाजारात मिळतीया. सगळीकडं हेच चाललंय."

हैबतराव पुढं आले. त्यांच्या दारात, पाव्हण्यांदेखत हा प्रकार झालेला. "सारजे, डोकं फिरलं का तुझं? शुभकार्य हाय."

"तुमच्या सुनंचं नाव घालून वाजवा की असलं गाणं," सारजाबाई म्हणाली. "मंग बगू किती शुभ वाटतंय."

हैबतरावांचा चेहरा काळा पडला. बायकांनी सारजाबाईला दंडाला धरून बाजूला घेतलं. पण ती हलेना. तिनं अमजदपुढं हात केला आणि त्यानं मुकाट्यानं कॅसेटची डबी दिली. तिला वाचता येत नव्हतं. अमजदनंच वाचून दाखवलं. संगीतकार अमुक, गायिका अमुक, गीत पारंपरिक.

"पारंपरिक म्हंजी?"

"म्हंजी जुनं. कुनी केलं ते ठावं नसलेलं."

"आन हा पावा कुनाचा?" ती क्लॅरिनेटला पावाच म्हणायची.

अमजदनं मान खाली घातली. नाव डबीवर नव्हतं, पण त्याला ते माहीत होतं. सारजाबाईलाही माहीत होतं. मुळशीत तसा सूर एकाच माणसाचा होता. तो अमजदचा चुलता, मोहिद्दीन मास्तर.

*

मोहिद्दीन मास्तरचा बँड एके काळी पौडपासून पार घाटाखालपर्यंत जायचा. रत्नाच्या लग्नातही तोच वाजला होता. रत्ना गेली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात तो भऱ्याला एका लग्नाची सुपारी घ्यायला सकाळी लवकर आला आणि सारजाबाईच्या दारावरून जाताना जात्याचा आवाज ऐकून थबकला. तिचं दळण होईपर्यंत तो ओट्यावर बसून राहिला. ती बाहेर आली तेव्हा त्याचे डोळे लाल झाले होते.

"अक्का," तो म्हणाला होता, "ही चाल मी वाजवू का?"

"वाजव. पर लग्नात न्हाई."

"न्हाई. कंदीच न्हाई."

आणि त्यानं शब्द पाळला होता. गावात कुणी गेलं तर कधीमधी, नाहीतर आपल्याच घरात, दार लोटून तो ती चाल वाजवायचा.

आता सारजाबाई त्याच्या दारात उभी होती. हुसेनबीनं, त्याच्या बायकोनं, पाण्याचा तांब्या पुढं केला. सारजाबाईनं तो घेतला नाही. भिंतीवरच्या खिळ्याला बँडचे लाल कोट लटकत होते. त्यांच्या सोनेरी पट्ट्या काळपट पडल्या होत्या.

"मास्तर, माझी लेक कुटं इकलीस?"

मोहिद्दीन उभा राहिला आणि परत खाली बसला.

"अक्का, मला ठाव नव्हतं ते असं करतील."

"काय ठाव नव्हतं? तुजं तोंड, तुजा पावा."

तो सांगू लागला. अमजदचे भोंगे आल्यापासून बँडला कुणी बोलवेना. पुण्यात कॅसेटा भरायला वाजवणारे लागतात असं कळलं, म्हणून तो जाऊ लागला. एकदा दुपारच्या सुट्टीत तो एकटाच ती चाल वाजवत बसला होता. संगीतकारसाहेबांनी ऐकली. शब्द काय आहेत म्हणून विचारलं.

"मी सांगितले. मला वाटलं, कुनीतरी इचारतंय, ऐकतंय. लई दिसांनी कुनीतरी ऐकत होतं, अक्का."

"आन मंग?"

"मंग महिन्यानं बोलावलं. ठेका लावलेला, शब्द बदललेले. मी म्हनलो, साहेब, हे मयताचं हाय. ते म्हनले, मास्तर, लोकांना रडायला कुटं येळ हाय?"

"तरी वाजवलंस."

हुसेनबी चुलीकडं तोंड करून बसली.

"तरी वाजवलंस," सारजाबाई पुन्हा म्हणाली. "मला ने तितं."

"काय उपेग न्हाई."

"उपेग मी इचारला न्हाई. ने मला."

*

स्टुडिओ पुण्यात एका इमारतीच्या तळघरात होता. भिंतींना गोणपाट लावलेलं, मधे काच, काचेपलीकडं मोठमोठ्या टेपच्या चकत्या फिरणारं यंत्र. संगीतकार पस्तिशीचा, गोरा, बोलायला अगदी मऊ. त्यानं सारजाबाईला खुर्ची दिली, चहा मागवला. तिला आरडाओरडा करणारा माणूस भेटला असता तर सोपं गेलं असतं.

"आजी, तुमचा राग मी समजू शकतो," तो म्हणाला. "पण लोकगीत हे कुणा एकाचं नसतं. ते सगळ्यांचं असतं."

"मी केलंय ते. माझ्या लेकीवर. ती सगळ्यांची न्हवती."

"हे आम्हाला माहीत असतं तर..."

"मास्तरनं सांगितलं हुतं."

त्यानं मोहिद्दीनकडं पाहिलं आणि नजर वळवली. मग थोडा पुढं झुकला. "खरं सांगू? तुमच्या गावात आता जात्यावर दळतं कोण? गिरणी आली. तुमच्या ओव्या तुमच्याबरोबर संपणार. आज निदान घराघरांत ती चाल वाजतेय. आम्ही ती जगवली."

गिरणीचं खरं होतं. ती स्वतः पिरंगुटच्या गिरणीत डबा पाठवत होती. लग्नाची हळद सोडली तर जातं भिंतीला टेकून उभं असायचं.

"जातं आमी सोडलं," ती म्हणाली. "ते आमचं पाप. पर तुमी जगवलं काय? माझी पोर झोळीत मेली. तिला तुमी उठवून मांडवात नाचवली. मला दुसरं काय नगं. तिचं नाव काढा त्यातनं."

"रतन काय, कुणाचंही नाव असतं, आजी. आणि कॅसेटी तर बाजारात गेल्यात."

"मंग ऐका तरी, काय हुतं ते."

कुणी गा म्हटलं नव्हतं. ती खुर्चीतच बसून, डोळे उघडे ठेवून, त्याच्याकडं बघत गायला लागली. तिच्या आवाजात गोडवा नव्हता. रागानं तो चिरकत होता. ओळ कुठं लांबत होती, कुठं मधेच तुटत होती, श्वास संपला की थांबत होती. झोळी आली, घोंगडीतून बाहेर आलेला हात आला, हातातल्या फुटक्या बांगड्या आल्या, आणि दर दोन ओळींनी रतन येईना, रतन येईना. काचेपलीकडचा यंत्रावरचा माणूस उठून उभा राहिला.

गाणं संपलं तेव्हा संगीतकाराच्या डोळ्यांत पाणी होतं. ते खोटं नव्हतं. त्यानं चष्मा काढून पुसला.

"आजी," तो शेवटी म्हणाला, "असं मी आयुष्यात ऐकलं नाही." मग काचेकडं वळून त्यानं विचारलं, "टेप चालू होता ना?"

आतल्या माणसानं मान डोलावली.

"छान. कॅसेटच्या दुसऱ्या भागात हेच सुरुवातीला ठेवू. नुसता आवाज, वाद्य नाही. लोक एकदम गप्प होतील. आणि मग धाडकन ठेका मारू."

सारजाबाईला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिनं चहाचा कप उचलला आणि समोरच्या भिंतीवर फेकला. गोणपाटावर आपटून तो नुसता धप्प करून खाली पडला. फुटलासुद्धा नाही.

"माझी पोरगी ठेक्यात मेली न्हाई," ती म्हणाली.

मोहिद्दीन उठला. काचेचं दार ढकलून आत गेला आणि यंत्रापुढं उभा राहिला.

"पुसा ते."

"मास्तर, बाहेर या," संगीतकार म्हणाला. आता त्याचा आवाज मऊ नव्हता. "विचार करा. उद्यापासून इथं काम नाही मिळणार."

"पुसा, न्हाईतर मी चकती काढून पायाखाली घालतो. मला यंतर कळत न्हाई. जे हाताला लागंल ते काढीन."

यंत्रावरच्या माणसानं संगीतकाराकडं पाहिलंच नाही. त्यानं टेप मागं फिरवला आणि पुसला. मग तोच पुसलेला टेप लावून ऐकवला. खरखर तेवढी आली.

*

पौडच्या एसटीत दोघं शेजारीशेजारी बसले. चांदणी चौक गेला, भूगाव गेलं.

"तुजं काम गेलं," सारजाबाई खिडकीबाहेर बघत म्हणाली.

"गेलं."

"बरं झालं."

थोड्या वेळानं तो म्हणाला, "अक्का, माफ कर."

"न्हाई करनार," ती म्हणाली. "एवढ्यात तरी न्हाई." आणि भऱ्याच्या फाट्यावर मागं न बघता उतरली.

कॅसेट पुढं दोन लग्नसराया वाजली. मोहिद्दीननं पौडच्या स्टँडजवळ सायकलींचं पंक्चर काढायचं दुकान टाकलं. सारजाबाईला त्याहून वाईट दिवस बघायचा होता. दुसऱ्या एका घरी हळदीला वीज गेली, भोंगा बंद पडला, आणि बायका म्हणाल्या, म्हणा की आता तुमी. तिनं मनात दुसरीच ओवी धरली होती. पण जात्याच्या घरघरीबरोबर तोंडून रतनचीच आली. पहिली ओळ संपते न संपते तोच पोरी टाळ्या पिटायला लागल्या. "अगं, आजीला कॅसेटचं गाणं येतंय!" आणि त्यांनी पुढची ओळ म्हटली, चोळीची. त्यांना काही ठाऊक नव्हतं. त्या हसत होत्या, आनंदात होत्या. सारजाबाई जात्यावरून उठली आणि घरी आली.

घरी सगुणा मागच्या दारी भांडी घासत होती. परकर खोचून, राखेनं हात भरलेले, आणि ताटावर बोटांनी ठेका धरून तेच गाणं गुणगुणत होती.

सारजाबाईनं तिच्या पाठीत धपाटा घातला. "तुला लाज वाटती का? तुजी आई हाय ती."

सगुणा रडली नाही. ती उभी राहिली. तिचाही आवाज आजीसारखाच चढायचा.

"हाय ना माझी आई? मंग खरं गानं कुटं हाय? मी आली की तू गप बसतीस. मामा म्हनतो, तिच्यापुढं काडू नका. मला माझ्या आईचं नाव कुटं ऐकू येतं? भोंग्यातनं. तेवढंच येतं."

सारजाबाईनं पुन्हा हात उगारला होता. तो तिनं खाली घेतला. पोर दुखावेल म्हणून तिनं इतकी वर्षं जिला जात्याजवळ येऊ दिलं नव्हतं, ती पोर समोर उभी होती.

"हात धू," ती म्हणाली.

जातं तिनं स्वतः आडवं केलं, तळी झटकली, मूठभर नाचणी टाकली. खुंट्याला एका बाजूनं तिचा हात, दुसऱ्या बाजूनं सगुणाचा.

"म्हन. ताम्हिणीच्या वाटंला."

सगुणानं म्हटलं. पण कॅसेट तिच्या जिभेवर बसली होती. ओळ उड्या मारत आली.

"नाचू नकोस. परत."

परत तसंच झालं. सारजाबाईनं जातं थांबवलं. "वाटंवर धुकं हाय. पाय दिसंना. पळशील का तू तितं? परत म्हन."

सगुणाच्या डोळ्यांत आता पाणी आलं, पण तिनं खुंटा सोडला नाही. परत म्हटलं. परत चुकली. आजी तिच्यावर ओरडली, ती आजीवर ओरडली. शेजारची लीलाबाई कुडावरून डोकावून गेली, तिला वाटलं भांडण लागलंय. नाचणीचं पीठ होऊन गेलं होतं. सारजाबाईनं दुसरी मूठ टाकली.

केव्हातरी सगुणाची ओळ जड आली. "धुकं गं"पाशी ती थांबली, श्वास घेतला, आणि मगच "दाटलं" म्हणाली.

सारजाबाईनं तिला शाबास म्हटलं नाही. तिचा राग अजून उतरला नव्हता, संगीतकारावरचा, मोहिद्दीनवरचा, भोंग्यावरचा आणि स्वतःवरचाही. तिनं नुसता खुंटा जोरात ओढला आणि पुढची ओळ सांगितली.