रबराला रंग लावू नये

मित्रांनो, मी एक जुनी पाणबुडी आहे आणि गेली अकरा वर्षे रागावलेली आहे. म्हाताऱ्यांचा राग लवकर ओसरतो म्हणतात. माझा ओसरत नाही. का, ते सांगते. नीट ऐका.

एका गोदीत जाड पोलादी पत्रे वाकवून आणि जोडून मला घडवले. जोडणाऱ्यांनी एकेक सांधा तीनतीनदा तपासला, कारण खोल पाण्यात चूक झाली तर ती सुधारायला वेळ मिळत नाही. पुढे चोवीस वर्षे मी समुद्राखाली पहारा दिला. माझ्या पोटात बावन्न माणसे राहत. दोघांत एक बिछाना. एक उठला की त्याच्याच उबेत दुसरा आडवा होई. स्वयंपाकघर इतके लहान की आचारी म्हणे, “मला घाम पुसायचा तर आधी एक पातेलं बाहेर ठेवावं लागतं.” कामगिरी करून परतले की बंदरात बँड वाजे, लोक माझे कौतुक करीत. मला ते आवडे. खोटे कशाला बोलू?

पण मला खरे जपले ते एका मेकॅनिकने. माझ्या पाठीवर माणसांना आत उतरण्यासाठी झाकणे होती. प्रत्येक झाकणाच्या कडेला रबराची पट्टी असते. झाकण लावले की ती दबते आणि पाणी अडवते. रबर मऊ, तोवर माणसे सुखरूप. म्हणून हा मेकॅनिक रोज सकाळी त्या पट्ट्यांवरून बोट फिरवी. बाळाला दात आला का, हे आई हिरडीवरून बोट फिरवून पाहते ना, अगदी तसे. खलाशी त्याला ‘रबरकाका’ म्हणून चिडवत. तो चिडत नसे.

एकदा मोठे साहेब पाहणीला येणार असे कळले. पाहणीच्या दुसऱ्याच दिवशी मला समुद्रात निघायचे होते. माझ्यावरचा अधिकारी रंगाचे डबे देऊन सगळ्यांच्या मागे लागला. त्या घाईत इंजिनाच्या खोलीवरचे झाकण रंगवताना खलाशांनी रबरही रंगवून टाकले. रबरावर रंग वाळला की ते कडक होते, मग त्याला भेगा पडतात. मेकॅनिकने बोट फिरवले आणि तो तडक अधिकाऱ्याकडे गेला.

“साहेब, ही पट्टी बदलायला लागेल. एक दिवस द्या.”

“एक दिवस कुठून आणू? पाहणी झाली की निघायचंय.”

“मग निदान माझं म्हणणं लिहून तरी घ्या.”

“रबरकाका, तुम्ही ना, आता टायरचं दुकानच टाका.”

आजूबाजूचे खलाशी हसले. मित्रांनो, ज्यांचा जीव त्या पट्टीवर अवलंबून होता, तेच हसत होते. मोठे साहेब आले, माझे चकचकीत अंग पाहून खूश झाले आणि शाबासकी देऊन गेले. एकही झाकण त्यांनी उघडून पाहिले नाही.

तिसऱ्या दिवशी मी खोल उतरले आणि त्याच झाकणातून पाणी आले. आधी धार लागली, मग फवारा उडू लागला. बरोबर खाली विजेचा मोठा बोर्ड होता. तो भिजला असता तर मोटर बंद पडली असती आणि आम्ही कुणीच वर आलो नसतो. मेकॅनिकने ताडपत्री ओढली, ती दोन्ही हातांनी वर धरली आणि तो बोर्डापुढे उभा राहिला. मी वर येईपर्यंत सात मिनिटे गेली. ठिणगी उडून त्याचा डावा तळहात भाजला. तरी तो हलला नाही. बावन्नच्या बावन्न माणसे घरी गेली.

मग चौकशी बसली. अधिकाऱ्याने सांगितले की रबराची देखभाल मेकॅनिककडे होती. हे खरेच होते, म्हणून त्याआड उरलेले खोटे खपून गेले. रंगाचे नाव कुणी काढले नाही. हसणारे सगळे मान खाली घालून बसले. चोर सोडून संन्याशाला सुळी! मेकॅनिकची नोकरी गेली.

पुढे मी निवृत्त झाले. आता मी किनाऱ्यावर सिमेंटच्या ओट्यावर उभी असते आणि लोक मला पाहायला येतात. त्या झाकणाखाली एक पाटी लावली आहे: ‘येथे मेकॅनिकच्या हलगर्जीपणामुळे गळती झाली. अधिकाऱ्यांच्या प्रसंगावधानामुळे सर्वांचे प्राण वाचले.’ अकरा वर्षे ती पाटी माझ्या पोटात सलते आहे.

गेल्या महिन्यात एक आजोबा सहा वर्षांच्या नातीला घेऊन आले. तिने एकेक अक्षर लावत पाटी वाचली आणि विचारले, “हलगर्जीपणा म्हणजे काय?”

“काम नीट न करणं,” आजोबा म्हणाले.

“मग तो मेकॅनिक वाईट होता?”

 आजोबांनी खिशातला डावा हात बाहेर काढून भाजलेला तळहात तिच्यापुढे धरला. “तो मेकॅनिक मी आहे, बाळा.” आणि रबराची, रंगाची, त्या सात मिनिटांची सगळी हकिकत त्यांनी तिला सांगितली. इथे येणाऱ्या लोकांना माझी माहिती सांगणाऱ्या बाईही थांबून ऐकत होत्या.

नात त्या बाईंकडे वळली. “मग ही पाटी खोटी आहे. काढा ना ती.”

बाईंनी कार्यालयाला पत्र लिहिले. उत्तर आले की चौकशी केव्हाच संपली आहे. पाटी जागेवरच आहे.

मित्रांनो, यंत्राला तेल द्या, रंग द्या, पण आधी त्याचे दुखणे पाहा. आणि कुणी दुखणे दाखवत असेल तर त्याला हसू नका. एका लहान मुलीने सरळ सांगितले, ते माझ्या पोटातल्या पन्नास मोठ्या माणसांना चौकशीत सांगता आले नाही. तुम्ही कोणासारखे होणार, ते आत्ताच ठरवा.